हाडातली मूलपेशी कुणाचं ऐकते?

पांढऱ्या पेशींवरच्या मागच्या सदरानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच होता: प्रतिकारशक्तीच्या पेशी शरीरात तयार होतात कशा, आणि त्या 'वाढवता' येतात का? त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

प्रश्न: सर, मी सेकंड पीयूसीला आहे. रक्ताच्या सगळ्या पेशी एकाच मूलपेशीपासून होतात म्हणून पुस्तकात फांद्या फुटलेली आकृती आहे. पण डीएनए सगळ्यांत तोच असेल तर एक पेशी न्यूट्रोफिल आणि दुसरी टी-पेशी का होते? तिला सांगतं कोण? लेक्चरर म्हणाले, हे पोर्शनमध्ये नाही. (विद्यार्थिनी, टिळकवाडी)

उत्तर: पोर्शनमध्ये नसेल, पण या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. त्यावर साठ वर्षं लोक डोकं खपवत आहेत, तेव्हा उत्तरही जरा लांबेल.

सुरुवात टोरांटोत झाली. १९६१ मध्ये टिल आणि मॅकलक या दोघांनी किरणं देऊन मगज, म्हणजे हाडांतली मज्जा (बोन मॅरो), निकामी केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदराचा मगज टोचला. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर छोट्या गाठी दिसल्या. एकेका गाठीत तांबड्या, पांढऱ्या अशा अनेक जातींच्या पेशी होत्या, आणि गाठ मात्र एकाच पेशीपासून वाढलेली होती. मूलपेशी (स्टेम सेल) ही कल्पना तिथून प्रत्यक्षात आली. माणसात या पेशी कमरेच्या हाडात, मणक्यांत, बरगड्यांत, छातीच्या मधल्या हाडात असतात आणि सीडी३४ या खुणेवरून त्या शोधता येतात. त्यांची संख्या फार नाही. २०१८ मध्ये एका निरोगी माणसाच्या पेशींतले जनुकीय बदल मोजून काढलेला अंदाज ५०,००० ते २,००,००० असा आहे. एवढ्याशा भांडवलावर शरीर रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी आणि १०० अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतं.

आता 'सांगतं कोण' ते पाहू. मगजात मूलपेशी रक्तवाहिनीला लागून बसलेली असते. शेजारच्या पेशी सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन सोडून तिला जागेवर धरून ठेवतात. त्याच पेशींच्या अंगावरचा एससीएफ हा रेणू मूलपेशीच्या 'किट' रिसेप्टरला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो. यकृतातून थ्रॉम्बोपोएटिन येतं. या सगळ्यांचा मिळून निरोप एवढाच की टिकून राहा, उगाच विभाजत बसू नकोस. मूलपेशी हललीच तर पुढचे निरोप वेगळे असतात. एफएलटी३ चा रेणू आणि इंटरल्यूकिन-७ लिंफोसाइटच्या, म्हणजे टी-पेशी, बी-पेशी यांच्या बाजूला नेतात. जी-सीएसएफ न्यूट्रोफिलकडे नेतो, एम-सीएसएफ जंतू गिळणाऱ्याच मॅक्रोफेज पेशीकडे, इंटरल्यूकिन-१५ विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या एनके पेशीकडे. मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन तांबड्या पेशी वाढवतं.

निरोप आत पोचण्याची रीत यातल्या बऱ्याच जणांची सारखी आहे. बाहेरचा रेणू रिसेप्टरला बसला की रिसेप्टरचे दोन भाग जवळ येतात. त्यांना आतून चिकटलेले जॅक नावाचे विकर जागे होतात आणि स्टॅट नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेट लावतात. फॉस्फेट लागलेले स्टॅट जोडीने केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुकं चालू करतात. तू विचारलंस की डीएनए तोच असताना फरक कुठला. फरक इथे पडतो. पुस्तक एकच, पण कुठली पानं उघडायची ते निरोपावर ठरतं.

बेळगावात वाढलेलं पोर घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि खडेबाजारात हिंदी ऐकत मोठं होतं. सुरुवातीच्या मूलपेशीची अवस्था थोडी तशीच असते. तिच्यात निरनिराळ्या कुळांची जनुकं एकाच वेळी हलक्या आवाजात बोलत असतात. पण आपली पोरं तिन्ही भाषा जन्मभर सांभाळतात, पेशीला ते जमत नाही. तांबड्या पेशीचा कारभारी जीएटीए१ आणि पांढऱ्या पेशींचा कारभारी पीयू.१ एकमेकांना दाबतात. एकाचा जोर वाढला की दुसरा गप्प होतो. टी-पेशीत बीसीएल११बी आणि बी-पेशीत पॅक्स५ हेच काम करतात. आपलं कूळ पक्कं करायचं आणि बाकीची दारं लावून घ्यायची.

मात्रेचाही खेळ आहे. उंदराच्या पेशींत पीयू.१ भरपूर दिलं तर मॅक्रोफेज होतो, कमी दिलं तर बी-पेशी. प्रथिन तेच, फक्त प्रमाण बदललं.

एक वाद तुझ्या लेक्चररना जरूर सांग. निरोप पेशीला खरंच वळवतो की आपापल्या मनाने वळलेल्या पेशींपैकी सोयीच्या तेवढ्याच जगवतो? दोन्ही बाजूंनी शेवटी चित्र एकच दिसतं, म्हणून भांडण लांबलं. २००९ मध्ये जर्मनीत उंदराच्या एकेका पेशीवर दिवसेंदिवस कॅमेरा लावून पाहिलं, तेव्हा एम-सीएसएफ आणि जी-सीएसएफ पेशीला खरोखर वळवू शकतात हे दिसलं. म्हणून दुसरी शक्यता बाद झाली असं नाही. माझं मत विचारशील तर शरीर दोन्ही मार्ग वापरतं, आणि कुठे कुठला ते टप्प्याटप्प्यावर बदलतं.

प्रश्न: टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ही ग्रंथी म्हातारपणी वाळून जाते असं वाचलं. माझं वय ७१. मग माझी प्रतिकारशक्ती संपली म्हणायची का? (निवृत्त शिक्षक, चिकोडी)

उत्तर: गुरुजी, संपली नाही. पण वाचलंत ते खरं आहे.

नवजात बाळाच्या छातीचा एक्स-रे पाहिलात तर हृदयाच्या वर, एका बाजूला होडीच्या शिडासारखी तिरकी सावली दिसते. तो थायमस. नवखा डॉक्टर कधीकधी त्याला मोठं झालेलं हृदय समजतो. तुमच्या किंवा माझ्या एक्स-रेत ती सावली दिसणार नाही, कारण तिथे आता बरीचशी चरबी आहे. वाळायला सुरुवात लहानपणीच होते, वयात आल्यावर वेग वाढतो.

टी-पेशीला स्वतंत्र जागा का लागते? मगजातून निघालेली कोवळी पेशी थायमसमध्ये आली की तिथल्या पेशींच्या अंगावरचा डीएलएल४ हा रेणू तिच्या 'नॉच१' रिसेप्टरला भिडतो. हा निरोप रक्तात वाहून येत नाही, अंगाला अंग लागावं लागतं. भिडल्यावर नॉचचा आतला तुकडा कापला जातो आणि तोच थेट केंद्रकात जातो, मध्ये जॅक-स्टॅट कुणी नाही. १९९९ मध्ये याचे दोन प्रयोग झाले, एकाची उलट बाजू दुसरा. एकात उंदरातलं नॉच१ काढून टाकलं, तेव्हा थायमसमध्ये टी-पेशींच्या जागी बी-पेशी वाढल्या. दुसऱ्यात मगजातल्या पेशींत नॉच१ सतत चालू ठेवलं, तेव्हा थायमसपर्यंत न जाता मगजातच टी-पेशी झाल्या. एकाच सिग्नलवर एवढं मोठं वळण ठरतं हे मला आजही विलक्षण वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तरुणपणी तयार झालेल्या टी-पेशी शरीरात राहतात, विभाजत राहतात, आणि पूर्वी भेटलेल्या जंतूंची आठवण ठेवतात. कमी होतो तो नव्या पेशींचा पुरवठा. त्यामुळे अगदी नव्या जंतूला किंवा नव्या लसीला प्रतिसाद तरुणापेक्षा मंद येतो. त्यातच मूलपेशींचा कल वयाबरोबर लिंफोसाइटकडून न्यूट्रोफिल-मॅक्रोफेजच्या बाजूला झुकतो. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. या वयात टाळू नका. थायमस वाढवतो म्हणून कुणी पावडर विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सात महिन्यांचा असताना वारला. जन्मल्यापासून न्यूमोनिया, जुलाब, तोंडात पांढरं. बीसीजीच्या जागी फोड येऊन काखेत गाठ झाली होती. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात 'एससीआयडी' म्हणून सांगितलं आणि जनुकाच्या रिपोर्टवर आयएल२आरजी असं होतं. बहीण आता परत दोन महिन्यांची गरोदर आहे. तिच्या सासरी सगळे तिलाच बोलतात. पुढे काय करायचं? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर: ताई, ही माहिती बहिणीला लगेच वाचून दाखवा, कारण वेळ महत्त्वाची आहे. आणि सासरच्यांना सांगा की जनुक कुणी निवडून घेत नाही.

एससीआयडी म्हणजे बाळ जन्मतःच जवळपास प्रतिकारशक्तीशिवाय असण्याचा जनुकीय आजार. आयएल२आरजी हे जनुक रिसेप्टरचा एक भाग बनवतं, त्याला गॅमा साखळी म्हणतात. सुरुवातीला तो इंटरल्यूकिन-२ पुरताच आहे असं वाटलं, म्हणून नाव तसं पडलं. हे जनुक आणि हा आजार यांचं नातं १९९३ मध्ये कळलं, आणि पाठोपाठ लक्षात आलं की तीच साखळी इंटरल्यूकिन-४, ७, ९, १५ आणि २१ यांच्या रिसेप्टरमध्येही बसते. म्हणजे एक जनुक बिघडलं की सहा निरोप एकदम बंद. ७ चा निरोप नाही म्हणून टी-पेशी होत नाहीत, १५ चा नाही म्हणून एनके पेशी होत नाहीत. बी-पेशी मात्र रक्तात दिसतात, कधी भरपूर दिसतात. पण टी-पेशींच्या मदतीशिवाय आणि २१ च्या निरोपाशिवाय त्या कामाच्या नसतात. म्हणूनच बाळाच्या साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा ठीक वाटू शकतो आणि घोळ होतो. एकूण आकडा सोडून लिंफोसाइटचा आकडा वेगळा काढून पाहायला हवा. पहिल्या काही महिन्यांत तो ३००० च्या खाली असेल तर पुढची तपासणी झालीच पाहिजे. मोठ्या माणसाला ३००० हा आकडा उत्तम, आणि रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बऱ्याचदा मोठ्यांची असते. सीबीसीचा कागद हातात आला की ही एक ओळ बघा, एवढंच मी आपल्या भागातल्या बालरोगतज्ज्ञांना आणि आशाताईंनाही सांगेन.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार शिकवून गेली. उंदरात इंटरल्यूकिन-७ नसेल तर टी आणि बी दोन्ही पेशी जवळपास होत नाहीत. माणसाच्या बाळात त्याचा रिसेप्टर बिघडला तर टी-पेशी जातात, बी-पेशी राहतात. उंदरावरचा निष्कर्ष माणसावर जसाच्या तसा लावू नये, हे या आजारी बाळांनी दाखवलं.

आता बहिणीचं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. आधी बहिणीचं रक्त तपासून ती वाहक आहे का ते नक्की करा, कारण काही वेळा बदल बाळातच नव्याने होतो. वाहक असेल तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. मुलीला होत नाही, पण ती वाहक असू शकते. गर्भाची जनुकीय तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत करता येते. लिंगाशी निगडित जनुकीय आजारांसाठी अशा तपासणीला कायद्यात मुभा आहे, पण ती नोंदणीकृत केंद्रातच आणि समुपदेशनानंतर. बाळाचा जुना रिपोर्ट सोबत न्या. नेमका बदल माहीत नसेल तर तपासणी अडते.

ही तपासणी करायची नसेल किंवा वेळ निघून गेली, तरी मार्ग आहे. बाळ जन्मताच लिंफोसाइटच्या जाती मोजणारी फ्लो सायटोमेट्री करा, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी थांबवा. हे बाळंतपणाआधीच डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या, नाहीतर रात्रपाळीची नर्स सवयीने बीसीजी देऊन टाकेल. तिचा दोष नाही, तो नियमच आहे. काही देशांत नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या थेंबावर 'ट्रेक' मोजतात. टी-पेशी घडताना डीएनएचा एक तुकडा कापला जातो, तो गोल वेटोळं होऊन पेशीत राहतो. वेटोळी नाहीत म्हणजे नवीन टी-पेशी नाहीत. अमेरिकेत २००८ मध्ये विस्कॉन्सिनपासून सुरू झालेली ही चाचणी २०१८ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. आपल्याकडे ती सरसकट होत नाही, म्हणून घरातला इतिहास हाच आपला गजर.

आजार निघालाच तर उपाय म्हणजे मगज प्रत्यारोपण. दुसऱ्याच्या मूलपेशींवर गॅमा साखळी शाबूत असते, त्यामुळे निरोप पोचतात आणि टी-पेशी घडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनी जिवंत होती. बेळगावहून यासाठी बंगळूर, वेल्लोर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. आजार कळल्यावर पत्ते शोधण्यापेक्षा आत्ताच एका केंद्राशी बोलून ठेवा.

जनुक दुरुस्त करून स्वतःच्याच मूलपेशी परत देण्याचा मार्गही आहे. तो पॅरिसमध्ये १९९९ साली सुरू झाला. टी-पेशी आल्याही, पण पॅरिस आणि लंडन मिळून २० पैकी ५ मुलांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला, कारण जनुक नेणारा विषाणू चुकीच्या जागी, बहुतेकांत एलएमओ२ या जनुकाजवळ, जाऊन बसला. आता जनुक नेण्यासाठी वापरतात ते विषाणू त्याहून सुरक्षित आहेत.

एक शेवटचं, नाजूक आहे पण बोलायला हवं. बहिणीच्या घरातला प्रकार एक्स गुणसूत्राचा आहे, त्यात नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही. पण एससीआयडीचे इतर प्रकार, जसे जॅक३, आयएल७आर, एडीए, आई-बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तर होतात. मामाच्या मुलीशी किंवा थेट मामाशी लग्न आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांच्या घरांत होतं. अशा घरात तान्हं मूल वारंवार जंतुसंसर्गाने गेलं असेल तर पुढच्या सोयरिकीआधी जनुकीय सल्ला घ्या. पत्रिका बघतोच की आपण.

प्रश्न: मिस्टरांना केमो चालू आहे. केमोनंतर पोटात इंजेक्शन देतात, त्यानंतर कंबर आणि मांड्यांची हाडं इतकी ठणकतात की रात्री झोप नाही. पेशी ९०० होत्या त्या चार दिवसांत १८,००० झाल्या. हे जास्त नाही का? आणि या इंजेक्शनने पेशी अशा वाढतात तर सगळ्यांनाच का देत नाहीत? (गृहिणी, निपाणी)

उत्तर: ते इंजेक्शन म्हणजे जी-सीएसएफ, बाटलीवर बहुधा फिलग्रास्टिम असं लिहिलेलं असेल. शरीर स्वतः बनवतं तोच निरोप, फक्त कितीतरी मोठ्या मात्रेत. ते १९९१ पासून वापरात आहे. मगज एकदम कामाला लागतो म्हणून हाडं ठणकतात. जिथे मगज जास्त तिथे दुखणं जास्त, म्हणून कंबर. पॅरासिटामॉल चालतं का ते आपल्या डॉक्टरांना विचारा, पण आधी ताप मोजा आणि मग गोळी द्या, कारण गोळीने ताप झाकला जातो. १८,००० हा आकडा इंजेक्शनचा परिणाम आहे. थांबवलं की काही दिवसांत उतरतो.

सगळ्यांना न देण्याचं कारण सोपं आहे. हा निरोप न्यूट्रोफिलचा आहे. न्यूट्रोफिल रक्तात तासांच्या हिशेबात राहतात. निरोगी माणसाच्या अंगात त्यांचा साठा वाढवून काही मिळत नाही. टी-पेशी, बी-पेशी त्याने वाढत नाहीत. अपवाद मगजदात्याचा. त्याला चार-पाच दिवस हेच देतात, कारण मोठ्या मात्रेत सीएक्ससीएल१२ ची पकड सुटते आणि मूलपेशी रक्तात उतरतात. मग हाताच्या शिरेतून त्या गोळा करता येतात, हाड टोचावं लागत नाही.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाला थेट चिकटवून नेऊ नका, गोठलं की वाया जातं. आणि केमोनंतर ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. कोल्हापूर जवळ पडो की बेळगाव, रात्रीच निघा.

प्रश्न: मला संधिवात आहे. डॉक्टरांनी टोफासिटिनिब सुरू करण्याआधी टीबीची तपासणी सांगितली. सांध्याच्या गोळीला टीबीचा काय संबंध? (शहापूर, बेळगाव)

उत्तर: पहिल्या उत्तरातला जॅक आठवा. ही गोळी तोच अडवते, मुख्यतः जॅक१ आणि जॅक३. सांध्यात आग लावणारे निरोप थांबतात, म्हणून सूज उतरते. पण टीबीचे झोपलेले जंतू कोंडून ठेवणाऱ्या पेशींनाही तेच निरोप लागतात. म्हणून आधी तपासणी, लागली तर आधी औषध. नागीण उठण्याची शक्यताही वाढते. थोडा परिणाम जॅक२ वर होतो, आणि एरिथ्रोपोएटिनचा निरोप जॅक२ मधूनच जातो. म्हणून हिमोग्लोबिन अधूनमधून बघतात. गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका, वाढवूही नका.

प्रश्न: आमचं पहिलं बाळ पुढच्या महिन्यात होईल. नाळेतलं रक्त साठवा, ८० आजारांवर उपयोगी, म्हणून एजंट घरी येऊन बसतो. पैसे भरावेत का? (नोकरदार दांपत्य, बेळगाव)

उत्तर: नको.

नाळेच्या रक्तात चांगल्या मूलपेशी असतात, यात शंका नाही. १९८८ मध्ये पॅरिसला फॅनकोनी ॲनिमिया (मगज निकामी होत जाण्याचा जन्मजात आजार) झालेल्या मुलाला बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन पहिलं प्रत्यारोपण झालं. 'बहिणीच्या' हा शब्द महत्त्वाचा. एजंट सांगतो त्या यादीतले बहुतेक आजार दुसऱ्याच्या मूलपेशींनी बरे होतात. थॅलेसेमिया असेल तर बाळाच्या स्वतःच्या नाळेतही तेच जनुक असतं. लहानपणीच्या काही ल्युकेमियांची पहिली चूक पोटात असतानाच झालेली असते, म्हणजे ती साठवलेल्या पिशवीतही असू शकते. शिवाय प्रौढ वजनाला एका पिशवीतल्या पेशी अपुऱ्या पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही स्वतःसाठी खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. घरात आधीच प्रत्यारोपण लागणारं भावंड असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रत्यारोपण करणारा डॉक्टर स्वतः साठवायला सांगतो.

गुडघा, मधुमेह, ऑटिझम यांसाठी 'स्टेम सेलचं इंजेक्शन' देणाऱ्यांनाही हेच उत्तर. रक्ताची मूलपेशी गुडघ्यात टोचली म्हणून तिला कूर्चा होण्याचे निरोप मिळत नाहीत.

प्रश्न: मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. धातूचं मिश्रण, तापमान, वेळ ठरली की कास्टिंग ठरलेलं येतं. सिग्नल सगळे माहीत आहेत तर टी-पेशी कारखान्यात का काढत नाहीत? ती कॅन्सरची भारतीय सीएआर-टी तशीच आहे ना? (अनगोळ)

उत्तर: नाही, ती तशी नाही. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलच्या साथीने तयार झालेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच तयार टी-पेशी रक्तातून काढतात, त्यांना बी-पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखणारा रिसेप्टर बसवतात आणि परत देतात. मूलपेशीपासून सुरुवात नसते.

मूलपेशीपासून काढण्याचे प्रयत्न मात्र जोरात आहेत. २००२ मध्ये टोरांटोतच उंदराच्या मगजातल्या आधारपेशींच्या एका वाणावर नॉचला भिडणारा डीएलएल१ बसवला, आणि बशीत टी-पेशी आल्या. तोवर थायमसशिवाय हे जमत नव्हतं. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने त्रिमितीय गोळ्यांत मानवी मूलपेशींपासून चांगल्या पक्व टी-पेशी काढल्या. अडचण तुमच्या भाषेत 'वेळे'ची आहे. इंटरल्यूकिन-७ आधी हवं, पुढे तेच जास्त राहिलं तर पेशी पक्व व्हायला अडते. नॉच सुरुवातीला जोरात हवा, एनके पेशीला तेवढा नको. शिवाय थायमस एक काम करतो ते बशीत करणं अवघड: स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तो वेचून मारतो.

सिग्नल बंद झाला नाही तर काय होतं याचाही दाखला आहे. टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच१ मध्येच बदल सापडतो. २००४ मध्ये हे दिसलं. पेशीला टी-पेशी व्हायला लावणारा तोच सिग्नल तिला थांबू देत नाही. म्हणून कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक खेपेत सिग्नल खरोखर मिटला आहे हे तपासावं लागेल, आणि खर्च तिथे वाढतो.

प्रश्न: गुळवेलाचा काढा वर्षभर रोज घेतो, प्रतिकारशक्ती वाढते ना? हल्ली भूक लागत नाही, लघवी पिवळी होते. (खानापूर)

उत्तर: भूक नाही आणि लघवी पिवळी, हे वाचूनच मी थांबलो. कुठली पेशी वाढली हे कोणत्याही काढ्याच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं, पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले आहेत. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; तो वाद चालू राहील. तुम्ही काढा आज बंद करा, उद्या उपाशीपोटी यकृताची रक्ततपासणी करून घ्या, बिलिरुबिन आणि एसजीपीटी दोन्ही, आणि रिपोर्ट घेऊन जवळच्या फिजिशियनकडे जा. काढ्याची पुडीही सोबत न्या.